एक पाव, तीन कुळे

मुंबईतल्या कुठल्याही नाक्यावरच्या वाण्याच्या दुकानाशी सकाळी थोडा वेळ कान देऊन उभे राहिले, तर ‘पाव’ हा दोन अक्षरांचा शब्द तीन वेगळ्या अर्थांनी कानावर पडतो. एक गिऱ्हाईक पावाची लादी मागते, दुसरे पाव किलो रवा मागते, आणि भवानी चांगली झाली म्हणून दुकानदार गल्ल्यावरच्या तसबिरीला हात जोडत ‘देव पावला’ म्हणतो. लिहिताना तिन्ही ठिकाणी अक्षरे तीच, उच्चारही तोच. कुळे मात्र तीन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

तरीही हा संबंध लावण्याचा मोह सुटत नाही. पावाची कणीक पायांनी तुडवतात म्हणून तो पाव, ही एक कथा. लादीचा चौथा हिस्सा तोडून विकतात म्हणून पाव, ही दुसरी. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात, खाद्यपदार्थांवरच्या चित्रफितींत या कथा इतक्या ठामपणे सांगितल्या जातात की ऐकणाऱ्याला शंका येत नाही. दोन्ही कथा चुकीच्या आहेत. त्या चुकीच्या आहेत हे केवळ मत नाही, पुराव्याने दाखवता येणारी गोष्ट आहे. मराठी माणसाला आपल्या भाषेचा अभिमान असेल, तर त्याने अशा पुराव्याचाही तेवढाच आग्रह धरायला हवा.

आधी खाण्याचा पाव. तो पोर्तुगीजांबरोबर आला. १५१० साली गोवा त्यांच्या ताब्यात गेला, १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्याभोवतीची बेटे, म्हणजे आजची मुंबईही, त्यांना मिळाली. गव्हाच्या आंबवलेल्या कणकेचा, भट्टीत भाजलेला पदार्थ त्यांच्या भाषेत जो शब्द घेऊन आला त्याचा उच्चार साधारण ‘पाउँ’ असा, नाकातून होणारा. तो शब्द लॅटिन ‘पानिस’ या शब्दाचा वंशज. त्याच लॅटिन शब्दाचे इटालियनमध्ये ‘पाने’ झाले, स्पॅनिशमध्ये ‘पान’, फ्रेंचमध्ये ‘पँ’. पोर्तुगीज भाषेची खोड अशी की दोन स्वरांच्या मधला ‘न’ ती गिळते आणि त्याची आठवण म्हणून स्वर नाकात ठेवते. लॅटिनमधला हात ‘मानुस’, पोर्तुगीजमध्ये तो ‘माउँ’ झाला. तसाच ‘पानिस’चा ‘पाउँ’.

आता हा नाकातला ‘आउँ’ मराठीत आल्यावर त्याचे काय होते? यासाठी दुसरा एक शब्द साक्षीला आहे. लिलाव. तोही पोर्तुगीज, मूळ उच्चार ‘लेइलाउँ’. शेवटचा ‘आउँ’ मराठी तोंडात ‘आव’ झाला. एका शब्दात असे घडले तर योगायोग म्हणता येईल. पण त्याच भाषेतून आलेल्या दोन शब्दांच्या शेवटाला मराठीने सारखेच वळण दिले, एक शब्द स्वयंपाकघरातला आणि एक बाजारातला, तर तो कल मानावा लागतो. पायाने तुडवण्याच्या कथेला असा एकही साक्षीदार नाही.

खरे तर ती कथा मराठीत जन्मलेलीही दिसत नाही. मराठीत पायाला ‘पाय’ म्हणतात. ‘पाँव’ म्हणतात ते हिंदीत. एखाद्या भट्टीत कणीक पायांनी तुडवली जात असेलही, त्यावरून पदार्थाला नाव पडले असा निष्कर्ष निघत नाही. आणि या कथेला सगळ्यात मोठा धक्का देशाबाहेर बसतो. पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे तिथे हा शब्द गेला. श्रीलंकेत सिंहलीत पावाला ‘पान्’ म्हणतात. पोर्तुगीज खलाशी १५४३ मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागले आणि जपानी भाषेत पावाला आजतागायत ‘पान’ म्हणतात. तोक्योच्या गिन्झा भागात किमुरा यासुबेई यांनी १८७४ मध्ये पावाच्या पोटात अझुकी नावाच्या लाल कडधान्याचे गोड पुरण भरून ‘आनपान’ तयार केला; तो आजही जपानभर विकला जातो. कोरियात ‘प्पांग’ हा शब्द जपानमार्गे पोचला. तोक्योत कुणी पायाला पाँव म्हणत नाही आणि कोलंबोत चौथ्या हिश्शाला पाव म्हणत नाहीत. मग तिथल्या नावांचे काय करायचे? तिन्ही ठिकाणी लागू पडणारे उत्तर एकच, पोर्तुगीज.

सिंहली आणि जपानी भाषांनी शेवटचा नाकातला स्वर ‘न’ म्हणून ऐकला, मराठीने ‘व’ म्हणून. दोघांनीही चूक ऐकले नाही. मूळ उच्चारात दोन्हीचा अंश आहे.

बंगालीत आणि नेपाळीत ‘पाउरुटी’, ‘पाउरोटी’ असा जोडशब्द झाला, हिंदीत ‘पावरोटी’. परका शब्द आला की त्याला घरचा सोबती द्यायचा, ही आपल्या भाषांची जुनी रीत. कागद फारसीतून आला, त्याला संस्कृत पत्र जोडून ‘कागदपत्र’ झाले. तसेच पावाला रोटी जोडली. ‘रोटी’ शब्दाने मात्र उलटा प्रवास केला. मलेशिया-इंडोनेशियात आज पावाला ‘रोटी’ म्हणतात, आणि मजूर म्हणून गेलेल्या भारतीयांबरोबर ती त्रिनिदाद-सुरीनामपर्यंत पोचली.

या सगळ्याची नोंद एका गोवेकराने शंभर वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गादो यांचा जन्म १८५५ चा, बार्देशातल्या आसगावचा. धर्मगुरू, कोकणीचे कोशकार, पुढे लिस्बनमध्ये संस्कृतचे अध्यापक. आशियातल्या भाषांमध्ये शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांवरचा त्यांचा ग्रंथ १९१३ मध्ये निघाला. त्याचा इंग्रजी अनुवाद १९३६ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाला. मराठी, कोकणी, गुजरातीपासून मलय, जपानीपर्यंत एकेक शब्द कुठे कोणत्या रूपात सापडतो हे त्यांनी जमवले. चावी, पगार, घमेले, परात, काजू, अननस, पपई, तुरुंग, काडतूस, नाताळ असे शब्द मराठीत किती सहज रुळले आहेत हे असा ग्रंथ चाळताना कळते. एवढे काम करणाऱ्या माणसाचे नाव महाराष्ट्रात फारसे घेतले जात नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

गोव्यात पाव भाजणारा तो पोदेर. हा शब्द पोर्तुगीज ‘पादेइरू’वरून आला, म्हणजे त्याच लॅटिन ‘पानिस’च्या घराण्यातला. सासष्टीतल्या माजोर्डा गावाचे नाव या धंद्याच्या सुरुवातीशी जोडले जाते. कणीक आंबवायला यीस्ट मिळत नव्हते तेव्हा पोदेरांनी माडाची सूर वापरली. उंडो, पोळी, बांगडीसारखे काकण, कातरे पाव असे प्रकार झाले आणि त्यांना नावे कोकणीच पडली. माल परक्या पद्धतीचा, आंबवण माडावरचे आणि नावे घरची! गोव्यातून ही माणसे मुंबईत आली, त्यांनी इथे भट्ट्या चालवल्या आणि ‘पाववाला’ हा शब्द त्यांना हिणवण्यासाठीही वापरला गेला. विहिरीत पावाचा तुकडा टाकून अख्खे गाव बाटवल्याच्या कथा उत्तर कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. पाव खाणे म्हणजे धर्म सोडणे, असे मानणारी घरे महाराष्ट्रात होती. त्याच महाराष्ट्रात आज वडापाव ही मुंबईची ओळख आहे. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यातला बटाटा हा शब्दही पोर्तुगीजांनीच आणला, आणि त्यांच्याकडे तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून स्पॅनिशमार्गे आला होता.

लॅटिन ‘पानिस’ची आणखी दोन मुले मराठीत वेगळ्या वाटेने आली आहेत. एक कंपनी. ‘कोम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे पाव. बरोबर बसून भाकरी खाणारे ते सोबती, आणि सोबत्यांचा गट ती कंपनी. पोर्तुगीज राजकन्या कॅथरीनच्या विवाहाच्या १६६१ च्या तहात मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि १६६८ मध्ये राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली. पाव नेणाऱ्यांकडून मुंबई कंपनीकडे गेली, आणि दोन्ही शब्दांचे मूळ एकच. दुसरा शब्द लांब पल्ल्याच्या गाडीत रोज ऐकू येतो, पँट्री. मुळात पाव ठेवण्याची खोली.

दुसरे कूळ मापाच्या पावाचे. ते अस्सल घरचे आणि फार जुने. संस्कृतात ‘पाद’ म्हणजे पाऊल, आणि ‘पाद’ म्हणजेच चौथा भाग. जनावराला चार पाय, म्हणून एक पाय हा पाव हिस्सा, असा त्यामागचा हिशोब. श्लोकाच्या चौथ्या भागाला चरण म्हणतात तेही यामुळेच. ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात सगळी भूते मिळून त्या पुरुषाचा एक पाद होतात, उरलेले तीन अमृतात आहेत, अशी कल्पना आहे. म्हणजे चौथ्या हिश्शाचा अर्थ तितका पुरातन आहे. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘द’ गळाला. कदलीची केळ झाली आणि बदराचे बोर झाले ते याच रीतीने. ‘पाद’चे आधी ‘पाअ’ झाले, मग त्या दोन स्वरांच्या सांध्यात कधी ‘य’ शिरला, कधी ‘व’. ‘य’ शिरला तिथे पाय झाला, ‘व’ शिरला तिथे पाव. एकाच शब्दाचे दोन वंशज, आणि मराठीने त्यांना दोन वेगळी कामे वाटून दिली.

हे कूळ मराठीत विलक्षण फोफावलेले आहे. सपाद, म्हणजे पावासह, त्याचे सव्वा झाले. पादोन, म्हणजे पावाने कमी, त्याचे पाऊण झाले आणि पावणेदोन, पावणेतीन ही मापे त्यातून आली. चार आण्यांचे नाणे ती पावली. पावशेर होता. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पुढे काही वर्षांत शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले, २०११ च्या जूनअखेर २५ पैशांचे नाणेही चलनातून बाद झाले. पण पाव किलो आणि पाऊण तास कुठेही गेले नाहीत. पाऊण आणि सव्वा नीट न कळणारी मुले आता शहरांतल्या शाळांत सर्रास भेटतात, आणि ही खरी चिंतेची बाब आहे, कारण अपूर्णांकांसाठी इतके आटोपशीर शब्द फार थोड्या भाषांकडे आहेत.

‘पाद’चे भाऊबंद युरोपातही आहेत. लॅटिनमध्ये पाऊल ‘पेस’, ग्रीकमध्ये ‘पूस’, इंग्रजीत ‘फूट’, फारसीत ‘पा’. फारसी ‘पा’वरून पायजमा आला. पायी चालणारा शिपाई म्हणून बुद्धिबळात प्यादे आले आणि इंग्रजीतला ‘पॉन’ही त्याच अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. सरकारी कचेरीतला प्यून? तोही मुळात पोर्तुगीज पायदळ शिपाईच. तेव्हा पोर्तुगीजांनी मराठीला पायाशी नाते असलेला शब्द जरूर दिला. फक्त तो भट्टीत भाजला जात नाही, तो कचेरीच्या दाराशी बसतो.

तिसरे कूळ पावण्याचे. संस्कृत ‘प्राप्’, म्हणजे पोचणे, मिळणे. आरंभीच्या जोडाक्षरातला ‘र’ गेला आणि स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ झाला. दीपाचा दिवा, कपाटाचे कवाड, कपर्दाची कवडी झाली तसेच. ज्ञानेश्वरीत, म्हणजे १२९० च्या मराठीत, हे क्रियापद जागोजागी आहे. गोव्यात पहिले पोर्तुगीज जहाज लागण्याआधी दोनशे वर्षे. पैसे पोचल्याचा कागद ती पावती. हाकेला देव पोचला की तो पावला. वर्तमानपत्रांत माणसे अजूनही निधन पावतात. ‘पावन’ मात्र या घरचा नाही. तो शुद्ध करणे या अर्थाच्या ‘पू’ धातूचा. पाहुणाही नाही, त्याचे मूळ ‘प्राघुण’. जवळ बसतात म्हणून नातलग ठरवायचे नाहीत, एवढी शिस्त इथे पाळावी लागते.

दिसण्यावरून नाते लावण्याचा धोका नव्या खाद्यपदार्थांतही आहे. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत आता ‘बाओ’ मिळतो, वाफेवर फुलवलेला मऊ पांढरा गोळा. मलेशियात त्याला ‘पाऊ’ म्हणतात. दिसायला पावासारखा, नावही तसेच, म्हणून हाही पोर्तुगीजच असे कुणी सहज बोलून जाते. पण चिनी भाषेत ‘बाओ’ म्हणजे गुंडाळणे, आणि ‘बाओत्झे’ हे नाव सुंग राजवटीच्या काळातले, म्हणजे ९६० ते १२७९ च्या दरम्यानचे. पोर्तुगीज चीनला पोचले १५१३ मध्ये. साल पाहिले की वाद मिटतो. इटालियन ‘पनीनी’ मात्र खरोखर पावाचा सख्खा नातेवाईक आहे; आणि व्याकरणकार पाणिनीचा त्याच्याशी सुतराम संबंध नाही.

सालांचे महत्त्व इथेच आहे. शब्दाची कुंडली मांडताना उच्चार कसे बदलतात ते पाहावे लागते, शेजारच्या भाषांत त्याची भावंडे शोधावी लागतात, आणि तो प्रथम कधी, कुठे लिहिला गेला हे सांगावे लागते. पहिल्या दोन बाबतींत मराठीकडे थोरांचे काम आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश १९४६ चा. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ चा. यातल्या मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश आज संगणकावर शोधता येतात ते शिकागो विद्यापीठामुळे. हे वाक्य मराठी वाचकाने पुन्हा एकदा वाचावे.

ज्यात प्रत्येक शब्दाची पहिली लिखित नोंद सालासह असेल आणि नव्या संशोधनाने जो सतत सुधारत राहील, असा ऐतिहासिक कोश मराठीला हवा आहे. साधने भरपूर आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात लाखो मोडी कागद आहेत. गोव्याचे पुराभिलेखागार १५९५ चे. पांडुरंग पिसुर्लेंकर यांनी त्यातून मराठे आणि पोर्तुगीज यांच्या व्यवहारांवर आयुष्यभर काम केले. बखरी, महानुभावांचे ग्रंथ, सोळाव्या-सतराव्या शतकातले ख्रिस्ती मराठी-कोकणी साहित्य, एकोणिसाव्या शतकातली वर्तमानपत्रे, सगळे आहे. नमुनाही दूर शोधायला नको. डेक्कन कॉलेजात सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम सुरू केले. त्याचा पहिला भाग १९७६ मध्ये छापून आला आणि काम अजून चालू आहे. असे काम पिढ्यांचे असते. पण संस्कृतसाठी पुण्यात जे होऊ शकले ते मराठीसाठी का होऊ नये?

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. सोहळे झाले, फलक लागले, तेही योग्यच. आता पैसा कोशाकडे वळायला हवा. मोडी वाचणारे, पोर्तुगीज, फारसी, कन्नड जाणणारे तरुण अभ्यासक पगारी नेमणुकीवर, दहा-पंधरा वर्षे निर्धास्तपणे एका जागी बसवावे लागतील. महाराष्ट्र आणि गोवा या दोन सरकारांनी मिळून हे हाती घेतले, तर मराठी आणि कोकणी दोघींचे भले होईल, कारण दोघींच्या शब्दांचे कागद एकाच दप्तरखान्यांत पडून आहेत.

परक्या मुळांची लाज धरणाऱ्यांनाही एक विनंती करावीशी वाटते. पोर्तुगीज राज्य गोव्यात ४५१ वर्षे टिकले, वसईत चिमाजी अप्पांनी ते १७३९ मध्ये संपवले. राज्ये गेली, पण पाव राहिला, कारण तो पोदेरांनी पहाटे उठून भाजला, गिरणी कामगारांनी खाल्ला आणि बायाबापड्यांनी घरी नेला. जो शब्द चारशेहून अधिक वर्षे मराठी माणसाच्या तोंडात आहे त्याला संस्कृत किंवा हिंदी बाप शोधून देण्याची गरज नाही. त्याचा बाप माहीत आहे, आणि तो सांगण्यात कमीपणा नाही.

पुढच्या वेळी एखाद्या शब्दाची गमतीदार जन्मकथा मोबाइलवर आली, तर वाचकांनी ती पुढे ढकलण्याआधी एक कोश उघडून पाहावा. आणि रिद्धपूरच्या विद्यापीठाला, मराठी भाषा विभागाला, आपल्या आमदाराला पत्र लिहून विचारावे की मराठीच्या ऐतिहासिक कोशाचे काम कधी सुरू होणार आहे.